भिंतीकडची जागा

१

तुरुंगाच्या मोठ्या फाटकासमोर किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान असावं, हा विनोद त्या रस्त्यावर जुना होऊन झिजला होता, तरी कोणी तो सोडायला तयार नव्हतं. सकाळी पाळी बदलली की पहारेकरी रस्ता ओलांडून यायचे आणि विचारायचे, "काय किल्लीवाले, आमच्या कुलपाची झाली का?"

तो हातातली कानस थांबवत नसे. "झालीय की. गिऱ्हाईकच बाहेर येईना न्यायला."

मग सगळे पोटभर हसायचे आणि चहा व्हायचा.

किल्लीवाला तसा साधा माणूस. पंचेचाळिशीच्या आसपासचा. उंच नाही, बुटका नाही, गोरा नाही, काळा नाही. चेहरा असा की पाहिला आणि पाठ फिरली की गेला. त्याची बायको म्हणायची, "लग्नानंतर कितीतरी दिवस मी बाजारात भलत्याच माणसांच्या मागे पिशव्या धरून चालत होते. काय करणार, सगळे पाठमोरे तुम्हीच." तोही हसायचा. आपल्या चेहऱ्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

पण याच चेहऱ्यामुळे त्याला तुरुंगात वरचेवर बोलावणं यायचं. ओळख परेडसाठी.

ओळख परेड म्हणजे असं. गुन्हा होताना ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याच्यासमोर संशयिताला एकटं उभं करायचं नाही. एकटा माणूस दाखवला की कोणीही म्हणेल, हाच. म्हणून त्याच्याच वयाचे, त्याच्याच चणीचे सात-आठ जण बाहेरून आणायचे आणि त्यांच्या रांगेत त्याला मिसळायचं. पोलिसांनी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आत फक्त दंडाधिकारी बाई, त्यांचा कारकून आणि ती रांग. साक्षीदार येण्याआधी बाई संशयिताला सांगायच्या, "हवी ती जागा घ्या. वाटलं तर शर्ट बदला." मग साक्षीदार आत येणार, रांगेपुढून चालणार आणि ओळख पटली तर त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवणार. रांगेतल्यांनी बोलायचं नाही, हसायचं नाही, खूण करायची नाही. नुसतं उभं राहायचं.

किल्लीवाला नुसतं उभं राहण्यात तरबेज होता.

खोली लांबट होती. वर एक गज लावलेली खिडकी, बाकी चुना दिलेल्या भिंती. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला कोरी भिंत. इतक्या वर्षांत तिथे इतकी माणसं उभी राहिली होती की फरशीवर पायांचा एक पट्टा गुळगुळीत झाला होता. त्याची जागा ठरलेली. दारापासून सगळ्यात लांब, डाव्या हाताला भिंत. मधे उभं राहायला त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. टोकाला बरं असतं, एक बाजू तरी आपली असते.

२

एक दिवस त्याच्या डाव्या कोपराला कोणाचं तरी कोपर लागलं.

रांगेत असं होतंच. माणसं दाटीवाटीने उभी असतात, कोणी अंग सैल करतो, कोणी पाय बदलतो. त्याने सवयीने थोडं आवरून घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं की डावीकडे कोणी नाही. डावीकडे भिंत आहे, आणि भिंत वीतभर लांब आहे.

त्याने मान वळवली नाही. वळवायची नाहीच असा नियम होता, त्या नियमाचे त्याने मनातल्या मनात आभार मानले.

डोकं लगेच कामाला लागलं. किल्ल्यांचं काम करणाऱ्याचं डोकं ते, कुठे काय अडकलंय ते शोधल्याशिवाय राहत नाही. भिंतीला ओल असेल, गारवा लागला असेल. दिवसभर कानस ओढून कोपराची शीर आखडली असेल. शर्टाची बाही दुमडली असेल. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त गारवा दाबत नाही. आणि हे दाबत होतं. जोरात नाही. शेजारचा माणूस आपल्याच तंद्रीत असला की त्याचं कोपर जसं टेकून राहतं, तसं.

समोरून साक्षीदार येत होता. कापडाच्या दुकानाचा मालक, डोक्याला अजून पट्टी. तो एकेका चेहऱ्यापुढे थांबत पुढे आला. किल्लीवाल्यापुढे थांबला, आणि नेहमीप्रमाणे त्याची नजर किल्लीवाल्यावरून घसरून पुढे गेली. पण पुढे जाऊन ती थांबली. भिंतीवर. माणसाच्या चेहऱ्याइतक्या उंचीवर.

दुकानदाराने डोळे बारीक केले, मग चोळले. दंडाधिकारी बाई म्हणाल्या, "घाई नाही. पुन्हा बघा."

"नको, नको," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच मागे फिरला. मधे उभ्या असलेल्या संशयिताच्या, एका हमालाच्या, खांद्यावर त्याने घाईघाईने हात ठेवला, शाळेत बाई विचारतात तेव्हा मूल काहीतरी बोलून मोकळं होतं तसा. "हा. हाच असणार."

बाहेर पडताना किल्लीवाल्याने कारकुनाला विचारलं, "आज आपण किती जण होतो हो?"

"होतो तेवढेच," कारकून म्हणाला. "का? चहा कमी पडला?"

३

तो हमाल तुरुंगातच राहिला. खटला चालू झाला, तारखा पडू लागल्या. बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्याच एका गावात दुसऱ्याच एका माणसाने पोलिसांपुढे त्या कापडाच्या दुकानाचं नाव आपणहून घेतलं, आणि लुटलेला माल त्याच्या घरात निघाला. हमाल सुटला. फाटकातून बाहेर आला तेव्हा त्याला रस्ता ओलांडायलाही भीती वाटत होती. किल्लीवाल्याने त्याला दुकानात बसवून चहा पाजला. हमाल म्हणाला, "आत काय वाईट वाटलं माहितीय? मलाच वाटायला लागलं होतं, की मीच केलं असेल."

मधल्या काळात आणखी परेडी झाल्या. काही वेळा डावीकडे नुसती भिंत असायची, कोरडी, गप्प. त्यातल्या एकीत तर साक्षीदार आत यायच्या आधीच संशयित मटकन खाली बसला आणि रडत सगळं सांगू लागला. काही वेळा मात्र कोपर यायचं. कोपर आलं की साक्षीदार भिंतीशी अडखळायचे, आणि पुढे खटल्यात काहीतरी बिनसायचं.

किल्लीवाल्याने या दोन गोष्टींची गाठ मारली नाही. म्हणजे गाठ समोर दिसत होती, पण त्याने तिला हात लावला नाही. बायकोला एकदा अर्धवट सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"आपण एवढंच करायचं," ती म्हणाली. "त्या भिंतीला अगदी चिकटून उभं राहायचं. जागाच ठेवली नाही तर कोण येऊन उभं राहणार?"

"हे बरं सांगितलंस."

"मी बरंच सांगते. तुम्ही ऐकत नाही हा भाग वेगळा."

मग तो भिंतीला खांदा टेकवून उभा राहू लागला. अगदी चुना लागेपर्यंत. त्याला वाटलं, मिटलं. पण एका दुपारी त्याच्या खांद्याला मागून, भिंतीच्या बाजूने, हळूच रेटा बसला. एकदा. जरा थांबून पुन्हा एकदा. गर्दीत उशिरा आलेला माणूस 'जरा सरकता का' म्हणायच्या आधी जसा रेटतो, तसा.

त्या दिवशी तो घरी जाऊन लवकर झोपला. झोप आली नाही हे बायकोला कळलं. ती नुसता हात त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवून पडून राहिली.

४

भेटीच्या दिवशी तुरुंगाबाहेर बायकांची रांग लागायची. ज्यांना उन्हात उभं राहवत नसे त्या बायका किल्लीवाल्याच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायच्या. त्यातलीच एक रंगाऱ्याची बायको. चार-पाच वेळा आली तेव्हा कुठे बोलती झाली.

तिचा नवरा घरांना रंग द्यायचा. एका जुन्या इमारतीच्या जिन्याचं काम त्याने महिनाभर केलं होतं. ते संपल्यावर काही दिवसांनी त्याच जिन्यात एका म्हाताऱ्या बाईंची पिशवी कोणीतरी हिसकावली. त्यांचा आरडाओरडा ऐकून त्यांचे यजमान धावत बाहेर आले, त्या माणसाने त्यांना ढकललं, आणि ते खालपर्यंत गडगडत गेले. ते पुन्हा उठले नाहीत. पोलिसांना जिन्याच्या कोपऱ्यात रंगाऱ्याचा एक ब्रश सापडला.

"काम करताना विसरला असेल," किल्लीवाला म्हणाला.

"तेच तर. हे सगळीकडे ब्रश विसरतात. घरी पाण्याच्या माठात सापडलाय एकदा." ती हसली आणि लगेच हसल्याची लाज वाटल्यासारखी गप्प झाली. मग म्हणाली, "त्या संध्याकाळी हे घरी होते, भाऊ. मुलीला सायकल शिकवत होते. ती पडली, गुडघा फुटला, मी दोघांना ओरडले. मी हे सगळं सांगितलं. तर म्हणतात, बायको आहे, नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार."

"हं."

"त्यांचंही चूक नाही. खोटं सांगणाऱ्या बायका असतील, म्हणून माझं खरं कोणी घेत नाही." तिने डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. "आता सगळं त्या आजींवर आहे. उद्या ओळख परेड आहे. आजी चांगल्या आहेत म्हणे. पण महिनाभर यांचा चेहरा त्यांनी रोज पाहिलाय, जाता-येता. चेहरा ओळखीचा वाटला की माणसाला वाटतं, हाच तो. नाही का?"

किल्लीवाल्याला पुष्कळ साक्षीदार आठवले. ओळखीचा चेहरा दिसला की त्यांच्या तोंडावर जी सुटका दिसते, तीही आठवली. ओळख कुठली आहे हे त्या क्षणी कोणी विचारत नाही.

"वाटतं तसं," तो म्हणाला. खोटं सांगवेना.

"जन्मठेप होते म्हणे अशाला."

त्याने तिच्या जुडग्यातली ट्रंकेची किल्ली घेतली आणि तशीच दुसरी घासून दिली. तिने मागितली नव्हती. पण हात रिकामे ठेवून तिच्यासमोर बसणं त्याला जमेना.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रांगेत भिंतीला चिकटून उभा होता. दार उघडलं, रंगाऱ्याला आत आणून पहारेकरी बाहेर गेला. दंडाधिकारी बाईंनी नेहमीचं वाक्य सांगितलं. रंगारी गोंधळल्यासारखा सगळीकडे बघत राहिला. हवी ती जागा घे म्हटलं की कैद्यांना नेहमीच असं होतं. कित्येक दिवसांत त्यांना कोणी काही निवडायला सांगितलेलं नसतं.

शेवटी तो किल्लीवाल्याजवळ आला. "भाऊ, इथे उभा राहू?"

किल्लीवाल्याने मान हलवली आणि उजवीकडे त्याला जागा झाली. रंगारी थरथरत होता. त्याच्या बाहीची थरथर किल्लीवाल्याच्या बाहीला कळत होती.

आणि मग डावीकडून रेटा आला.

या वेळी थांबून थांबून नव्हता. सलग होता. भिंत आणि त्याचा खांदा यांच्यात कागदही मावला नसता, पण त्या फटीत कोणीतरी पाय रोवून उभं होतं. त्याला श्वास ऐकू आला. स्वतःचा रोखून पाहिला, तरी तो चालूच होता. रंगाऱ्याचा असेल म्हणावं, तर तो दुसऱ्या बाजूने येत होता, तुटक, घाबरा. हा डावीकडचा संथ होता. वाट बघणाऱ्या माणसाचा.

कोपर आलं म्हणजे ज्याने केलं तो रांगेत नाही, असं किल्लीवाल्याच्या मनात आलं. इतके दिवस ज्या गाठीला त्याने हात लावला नव्हता, ती आपोआप सुटली. डोकं म्हणत होतं, मूर्खपणा आहे. पण डोकं फार लांबून बोलत होतं.

आजी आत आल्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या. एकेका माणसापुढे थांबून त्या नीट बघत होत्या. कंटाळा नाही, घाई नाही. नवरा गेलेल्या बाईला आता कसली घाई असणार. बघताना त्या प्रत्येकाला हलकेच मान लववत होत्या, जणू उगीच तसदी दिली म्हणून.

त्या रंगाऱ्यापुढे आल्या आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ती सुटका उमटायला लागली. ओळखीची. त्यांनी हात उचलला.

किल्लीवाल्याला बोलायची बंदी होती, खूण करायची बंदी होती. त्याला फक्त उभं राहता येत होतं. कुठे उभं राहायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. इतके महिने तो भिंतीला चिकटून ती जागा बुजवत होता. आता ती द्यायची तर ते जे काही होतं ते पुरतं बाहेर येऊन त्याच्या अंगाशी उभं राहणार होतं.

तो एक पाऊल उजवीकडे सरकला.

रंगाऱ्याला धक्का लागला, रंगाऱ्याचा पलीकडच्याला, आणि सगळी रांग हलली. "रांग हलवू नका," बाई म्हणाल्या. आजींनी दचकून इकडे पाहिलं. हात तसाच वर राहिला होता.

मोकळ्या झालेल्या जागेत काहीतरी आलं. किल्लीवाल्याने पाहिलं नाही. डावा गाल मात्र गार पडला, कोणी उजेडाच्या आड आलं की पडतो तसा.

आजींचा चेहरा बदलला. भीतीने बदलला असता तर त्याला आश्चर्य वाटलं नसतं. पण तो आधी भीतीने आणि मग दुसऱ्याच कशाने तरी बदलला. त्यांनी रंगाऱ्यापुढून पाऊल काढलं. किल्लीवाल्यापुढून गेल्या. आणि भिंतीकडे हात केला.

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला फक्त तो हात दिसला. भिंतीला लागायच्या आधीच, वीतभर अलीकडे, तो थांबला होता. बोटं किंचित वाकलेली. अंगठा थोडा रुतलेला, शर्टाखाली हाड लागावं तसा. म्हातारा हात हवेत असा थांबला की थरथरतो. हा थरथरत नव्हता. तो कशावर तरी टेकलेला होता.

"हा," आजी म्हणाल्या.

खोलीत कोणी हललं नाही. मग दंडाधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा असतो."

"ठेवलाय," आजी म्हणाल्या.

६

कारकुनाने लिहिलं की साक्षीदाराने कोणालाही ओळखलं नाही. त्याला दुसरं लिहिता येण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्याने रंगारी सुटला नाही. ब्रश होताच. खटला उभा राहिला. बचावाच्या वकिलीणबाईंनी किल्लीवाल्याला साक्षीला बोलावलं. आजी रंगाऱ्यापुढे किती वेळ थांबल्या आणि आपणहून पुढे गेल्या, एवढंच त्यांना त्याच्याकडून हवं होतं.

न्यायालयाच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. रंगाऱ्याची बायको मागच्या बाकावर मुलीला घेऊन बसली होती. रंगारी आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा होता, आणि किल्लीवाल्याला पहिल्यांदाच जाणवलं की रांग म्हणजे किती मोठी मेहेरबानी असते. इथे बोट दाखवायला दुसरा कोणी नव्हताच.

आधी आजींची साक्ष झाली. सरकारी वकील सौम्यपणे म्हणाले, "आजी, ज्याने हे केलं तो आज इथे आहे का? नीट बघा."

आजींनी पिंजऱ्याकडे नीट पाहिलं. "हा नव्हे. मला आठवलं आता, याला कुठे पाहिलं ते. हा आमच्या जिन्याला रंग देत होता. कठडा ओला होता, धरायला काही नव्हतं, तर याने मला हात धरून खाली उतरवलं होतं. रोज उतरवायचा." मग त्या रंगाऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तेव्हा नाव विचारायचं राहिलं, बाळा."

"मग त्या दिवशी परेडीत तुम्ही हात कोणावर ठेवलात?"

"भिंतीपाशी होता त्याच्यावर."

"भिंतीपाशी कोणी नव्हतं, आजी."

"बरं," आजी म्हणाल्या. "मग तुम्हाला दिसला नसेल."

सरकारी वकील वाईट नव्हते. ते न्यायाधीशांना म्हणाले की आजींवर मोठा आघात झाला आहे, त्यांचं मन थाऱ्यावर नाही, तेव्हा त्या ज्याला नव्हे म्हणतात त्यावरही कितपत विसंबायचं. किल्लीवाल्याला कळलं, गोष्ट कुठे अडली आहे ते. आजी वेड्या ठरल्या तर उरतो फक्त ब्रश.

मग त्याची पाळी आली. खरं सांगेन अशी शपथ त्याने घेतली. वकिलीणबाईंचे प्रश्न सोपे गेले. मग सरकारी वकील उठले.

"तुम्ही टोकाला होता. भिंतीपाशी कोणी उभं होतं का? हो किंवा नाही सांगा."

हो म्हटलं तर आपणही वेडे. नाही म्हटलं तर आजी वेड्या. मागच्या बाकावर मुलगी आईला काहीतरी विचारत होती आणि आई तिला गप्प करत होती.

"मी तिकडे बघितलं नाही, साहेब," तो म्हणाला.

"का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

किल्लीवाल्याने पुढचा कठडा धरला. त्याला हळूच बोलायची सवय होती, आणि आता तर शब्द कुठूनतरी खोलातून काढावे लागत होते.

"जागा मोकळी नव्हती," तो म्हणाला. "कोण होतं ते मला सांगता येणार नाही. पण मोकळी नव्हती. मी शपथ घेतली नसती तर नाही म्हटलं असतं."

कोणी हसलं नाही. टंकलेखकाची बोटं थांबली होती. न्यायाधीश म्हातारे होते, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही रांगेत उजवीकडे सरकलात असं दंडाधिकारी बाईंनी लिहिलंय. का सरकलात?"

"जागा द्यायला."

"कोणाला?"

"ज्याची होती त्याला, साहेब."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग टंकलेखकाला म्हणाले, "लिहा. साक्षीदार म्हणतो, जागा मोकळी नव्हती."

निकालात त्यांनी भिंतीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं की रंगाऱ्याचा ब्रश त्याने रंग दिलेल्या जिन्यात सापडला यात नवल नाही, आणि ज्या बाईने गुन्हेगाराला जवळून पाहिलं ती ठामपणे म्हणते की हा तो नव्हे, तिच्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. रंगारी पिंजऱ्यातून बाहेर आला तेव्हा मुलगी आधी लाजली, मग धावली. बायको जागेवरून उठलीच नाही. ती बसल्या बसल्या किल्लीवाल्याकडे बघत होती, आणि त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

७

उन्हाळा सरत आला तेव्हा एका इमारतीच्या जिन्यात, तशाच एका पिशवीवर हात टाकताना, एक माणूस पकडला गेला. तपासाच्या अधिकाऱ्याला आजींचा जिना आठवला. पुन्हा परेड ठरली. पुन्हा बोलावणं आलं.

"जाऊ नका वाटलं तर," बायको म्हणाली.

"जातो. आजी येणार आहेत."

"मग जाच," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

तो रांगेत उभा राहिला. भिंतीपासून एक माणूस मावेल इतकी जागा त्याने आपणहून सोडली होती. कोणी रेटलं नाही. गाल गार पडला नाही. तो वाट बघत राहिला आणि काहीच झालं नाही, तेव्हा त्याने पहिल्यांदाच मान वळवून पाहिलं. चुना दिलेली भिंत. तिच्यावर एक बारीक तडा, खिडकीचा उजेड. बस.

दार उघडलं. आत आणलेला माणूस पंचेचाळिशीचा, कुठेही दिसावा असा होता. बाईंनी सांगितलं, "हवी ती जागा घ्या."

तो गोंधळला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलंही नाही. सगळी रांग ओलांडून तो सरळ चालत आला आणि किल्लीवाल्याच्या डावीकडे, भिंतीपाशी, जाऊन उभा राहिला. दिवसभर राबून घरी आलेला माणूस न बघता आपल्या खुर्चीत बसतो, तसा. मग मात्र त्याने खाली फरशीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आपण इथेच का आलो हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्याचं कोपर किल्लीवाल्याला लागलं. उबदार होतं. माणसाचं होतं.

आजी आल्या. या वेळी त्या कोणापुढे थांबल्या नाहीत. प्रत्येकाला मान लववत त्या टोकापर्यंत आल्या आणि त्या माणसापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला. तो खांद्यावर टेकला, अंगठा किंचित रुतला. माणूस त्यांच्या डोळ्यांत बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू ढासळत चालला होता.

दंडाधिकारी बाईंनी लिहायला घेतलं. कारकुनाने श्वास सोडला. आजींनी हात काढला नाही.

"किती दिवस उभा आहेस," त्या त्याला म्हणाल्या, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात. "थकला असशील. बस आता."

आणि तो बसला. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, फरशीवर.

आजी वळल्या. किल्लीवाल्याने त्यांच्यापुढे हात धरला. दारापर्यंत त्यांना कोणाचा तरी आधार लागणार होता, आणि परेड आता संपली होती, त्यामुळे हलायला हरकत नव्हती.